तिघे एका टेबलावर बसले, म्हणून कारभार सुधारत नाही

‘सरकार, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांना एका टेबलावर बसवा, कारभार आपोआप सुधारतो’ असा एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. भागीदारीला माझा विरोध नाही. खटकतो तो ‘आपोआप’ हा शब्द. त्यातले तीन दावे तपासू.

‘जोखीम कंपनी उचलते, जनतेचा पैसा सुरक्षित राहतो.’ करारात तसं लिहिलेलं असतं खरं. पण ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा दोन मोठी रुग्णालयं अर्धवट उभी होती. ती पुरी करायला सरकारी तिजोरीच उघडावी लागली. लिव्हरपूलचं रुग्णालय २०२२ मध्ये सुरू झालं, बर्मिंगहॅमजवळचं तर थेट २०२४ मध्ये. कंपनीला दिवाळं काढता येतं, सरकारला रुग्णांकडे पाठ फिरवता येत नाही.

‘संस्था टेबलावर आल्या की देखरेख आलीच.’ हा दावा सगळ्यात फसवा. तेल, वायू आणि खनिजांतून सरकारला मिळणाऱ्या पैशाचा हिशेब खुला करणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. त्याच्या प्रत्येक देशातल्या समितीत हे तिन्ही पक्ष असतात. त्याचे निकष पूर्ण करणारा पहिला देश अझरबैजान, साल २००९. पुढे २०१४ मध्ये तिथे संस्थांची बँक खाती गोठवली गेली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. समितीतली खुर्ची जागेवरच होती, बोलणाऱ्याचा गळा तेवढा आवळला गेला होता! मार्च २०१७ मध्ये उपक्रमाने देशाला निलंबित केलं, तेव्हा सरकारच बाहेर पडलं. आणि गळा आवळायला तुरुंगच लागतो असं नाही. जिच्यावर नजर ठेवायची तीच कंपनी संस्थेचा पगार भागवत असेल, तर तेवढंही पुरतं.

‘सगळं खुलं केलं तर उद्योग पळून जातील.’ युक्रेनमध्ये प्रोझोरो ही खरेदी-व्यवस्था कार्यकर्ते, उद्योजक आणि अधिकारी यांनी मिळून उभारली. ऑगस्ट २०१६ पासून ती सरकारी खरेदीला बंधनकारक झाली. लिलाव संपला की कोणी किती बोली लावली, काय कागद जोडले, हे कोणालाही बघता येऊ लागलं. ते कागद सगळ्यात बारकाईने कोण वाचणार? हरलेला ठेकेदार. म्हणजे खुलेपणामुळे उद्योग पळून जायचं सोडून स्वतःच पहारेकरी होतो. त्याला तर कोणी पगारही देत नाही.