द्राक्षाची गोडी इथिलीनमुळे येत नाही

फळे कशी पिकतात यावरच्या एका लेखात फळ गोड होण्याचे सारे श्रेय इथिलीनला, म्हणजे फळे पिकवणाऱ्या वायुरूप संप्रेरकाला, दिले आहे. हापूसपुरते ते बरोबर आहे, कारण चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार झालेल्या कैरीच्या गरात स्टार्च साठलेला असतो आणि इथिलीनच्या इशाऱ्याने जागी झालेली विकरे (एन्झाइम) आढीत त्याची साखर करतात. द्राक्षाचे तसे नाही. मण्यात स्टार्चचा साठा जवळजवळ नसतोच. साखर पानांत तयार होऊन घडाकडे वाहत येते. बागेत मण्यांत पाणी उतरू लागते, कडक हिरवा मणी बोटाला मऊ लागतो, त्या सुमारास अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि पानांतून आलेल्या सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊन ते मण्यात साठू लागते. म्हणूनच आंबट घड तोडून ठेवला तर तो सुकतो, गोड होत नाही. मणी फुगवण्यासाठी वापरले जाणारे जिब्रेलिक आम्ल हे संप्रेरक जास्त झाले, तर पक्वता लांबते, हेही लेखात यायला हवे होते. आणि हापूसबाबत एक भर: कोवळ्या फळात मुळात स्टार्चच कमी असल्याने, ते इथिलीनच्या खोलीत ठेवून साल पिवळी झाली तरी गर फिकाच राहतो.