नवशिक्यांसाठी "शांत पाणी" सुरक्षित? प्लीज असं पसरवू नका
एक मेसेज फिरतोय की सर्फिंग नवीन शिकणाऱ्यांनी किनाऱ्यावर जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी सपाट दिसतं, तिथूनच आत शिरायचं. हे चुकीचं आहे, आणि जीवावर बेतू शकतं.

दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्येच एक गडद, शांत पट्टा दिसला तर तो बहुतेक वेळा रिप करंट असतो, म्हणजे लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी तिथून परत समुद्रात जात असतं, जोरदार रिपचा वेग सेकंदाला 2 मीटरच्याही वर जातो, पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलट पोहू शकत नाही. मुरलेले सर्फर मात्र याच पट्ट्याने आरामात बाहेर जातात, बहुतेक त्यांना बघूनच हा गैरसमज झाला असावा.

नवशिक्यांना हवा वाळूचा तळ, कमरेएवढं पाणी आणि फुटून किनाऱ्याकडे येणारा फेस, बस्स. प्रवाळाच्या खडकावर फुटणाऱ्या लाटा फोटोत कितीही सुंदर दिसोत, ओहोटीला खाली पाणी जेमतेम उरतं आणि पडलात की अंग सोलवटून निघतं, त्या लाटा अनुभवी लोकांसाठी.

आणि नुसत्या बेटाच्या नावावर जाऊ नका. हवाईतल्या ओआहू बेटाच्या दक्षिणेला वाइकीकीच्या संथ लाटांवर लोक सर्फिंग शिकतात, उत्तरेला पाइपलाइन नावाची सर्फिंगची जागा आहे, जिथे हिवाळ्यात कसलेले सर्फरही जखमी होतात.

रिपमध्ये सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तरंगतो, हात वर करून मदत मागा.