झेड दिसला म्हणून कोन समान होत नाहीत

सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. आकृतीत इंग्रजी झेड किंवा एफ दिसला की कोन समान, सी दिसला की बेरीज 180, पूरक कोन म्हणजे एका रेषेवरचे शेजारी-शेजारी कोन, आणि दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येणारे विरुद्ध कोन समान असतात हे दिसतंच, सिद्धता कशाला? एवढं पाठ केलं की कोनांच्या जोड्या झाल्या म्हणे. मी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवते. या संदेशाची फळं मला वह्यांत दिसतात, म्हणून लिहितेय.

आधी झेड, एफ आणि सी. दोन रेषांना छेदणारी तिसरी रेषा म्हणजे छेदिका. व्युत्क्रम (झेडमधले, छेदिकेच्या दोन बाजूंचे), संगत (एफमधले, दोन्ही रेषांपाशी एकाच जागी असलेले), आंतरकोन (सीमधले, दोन रेषांच्या मधले) ही नावं कोनांच्या जागेवरून पडली आहेत. मापाशी त्यांचा संबंध नाही. कुठल्याही दोन रेषांना छेदिकेने छेदलं की आठ कोन होतात आणि संगत कोनांच्या चार जोड्या मिळतात. रेषा समांतर नसतील, तर त्यातली एकही जोडी समान नसते. संदेशातून नेमका ‘समांतर’ हा शब्दच गळलाय.

माझ्या एका विद्यार्थिनीला गणित होतं: छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन 65° आणि 117° आहेत, रेषा समांतर आहेत का? तिने लिहिलं, ‘सी आकार आहे, म्हणून बेरीज 180, म्हणून समांतर.’ बेरीज केलीच नव्हती. ती येते 182. मग छेदिकेच्या दुसऱ्या बाजूचे आंतरकोन 115° आणि 63°, बेरीज 178, आणि त्या बाजूला या रेषा कुठेतरी भेटणार. जिकडे बेरीज 180 पेक्षा कमी, तिकडे रेषा मिळतात, हेच युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी पाचवं गृहीतक म्हणून मांडलं. एवढी मोठी गोष्ट त्या ‘सी’खाली झाकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

डोळ्यांवर तर इथे मुळीच भरवसा ठेवू नये. छेदिकेवर 10 सेंटीमीटर अंतरावर दोन रेषा घ्या, एकाच बाजूचे आंतरकोन 90° आणि 88°. वहीच्या पानावर त्या समांतरच वाटतील. प्रत्यक्षात जवळजवळ 286 सेंटीमीटरवर, म्हणजे वही ओलांडून, टेबल ओलांडून, त्या एकमेकींना छेदतील. उलट बाजूने पाहायचं तर कंपासपेटीतला गुण्या घ्या. पट्टी घट्ट धरून गुण्या सरकवत दोन रेषा काढल्या की त्या समांतर येतात, कारण पट्टी ही छेदिका आणि गुण्याचा कोन दोन्हीकडे तोच, म्हणजे संगत कोन समान.

पूरक कोनांचं थोडक्यात. दोन मापांची बेरीज 180° झाली की कोन पूरक, मग ते शेजारी असोत वा दोन वेगळ्या पानांवर. चक्रीय चौकोनाचे, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात त्याचे, संमुख (समोरासमोरचे) कोन पूरक असतात, ते काही शेजारी नसतात. शेजारी असून बेरीज 180° येते ती रेषीय जोडी. मुलं हिंदी व्हिडिओ पाहत असतील तर एक सांभाळा: हिंदीत ‘पूरक’ म्हणजे 90° वाले आणि 180° वाले ‘संपूरक’. आपल्याकडे 90° वाले कोटिकोन आणि 180° वाले पूरक. या एका शब्दापायी बरोबर रीतीची गणितं चुकलेली मी पाहिली आहेत.

राहिले विरुद्ध कोन. खराट्याच्या दोन सरळ काड्या टाचणीने एकमेकींवर टोचा, उघडा, आणि कोनमापक लावा. एका मुलाला 40° आणि 41° मिळाले. त्याने विचारलं, ‘मग समान कसे?’ प्रश्न रास्त आहे, आणि ‘दिसतंच की’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. त्या दोन कोनांच्या मधला तिसरा कोन बघायचा. पहिल्यासोबत त्याची बेरीज 180°, कारण एक काडी सरळ आहे. दुसऱ्यासोबतही 180°, कारण दुसरी काडीही सरळ आहे. दोघंही 180 वजा तोच कोन, म्हणून समान. त्या मुलाने हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘माझं माप एका अंशाने चुकलं.’