‘तेल कमी टाका’ म्हणाली, त्यात हसण्यासारखं काय होतं?

आज संध्याकाळी जळगावात मेहरूण तलावाजवळच्या एका चायनीजच्या गाडीवर जे पाहिलं, ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

पायात चालायचे बूट, ओढणी कमरेला खोचलेली, घामाघूम झालेली एक वहिनी. सोबत दहा-बारा वर्षांचा पोरगा. तिने हळूच सांगितलं, "दादा, तेल जरा कमी टाका." बस, एवढंच. गाडीवाला म्हणाला, "ताई, मग टेस्ट नाही येणार." बाकावरचा एक जण म्हणे, "डाएट करायचं तर घरी काकडी खावी ना भो, इथं कशाला यायचं!" सगळे हसले. पोरगापण हसला. ती म्हणाली, "राहू द्या, नेहमीसारखंच करा."

आणि मग त्याने पळी बुडवली. मोठी पळी, अर्ध्याच्या वर भरलेली. म्हणजे चार मोठे चमचे तेल, फक्त एका फ्राइड राइसला. मोठा चमचा १५ मिलीचा धरा, त्यात १२० कॅलरी. चाराच्या ४८०. दोन-तीन मध्यम भाकऱ्यांएवढी भर पडली आणि ताटात भाकरी एकही नाही! पाऊण तास भरभर चालून साधारण २०० कॅलरी जळतात. हसणाऱ्यांनी हा हिशोब करावा.

चायनीज खाल्लं की माणूस जाड होतो, हे बोलणंच चुकीचं आहे. लसूण, अद्रक, पत्ताकोबी, शिमला मिरची, कांद्याची पात, मोठ्या आचेवर दोन मिनिटं. यात जाड होण्यासारखं काय आहे? घोळ पळीत आहे, मैद्यात आहे आणि ताटाच्या आकारात आहे.

वहिनीने भातासोबत ड्राय मंचुरियन घेतलं होतं. बहुतेक ‘ड्राय’ म्हणजे तेल कमी, असं वाटलं असावं. बऱ्याच जणांना वाटतं. ड्रायमध्ये फक्त कॉर्नफ्लोअरचं पाणी कमी पडतं, गोळे तेच. किसलेल्या कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं, मग गोळा वळावा म्हणून मैदा वाढवत जातात. दुपारी एकदा तळून परातीत ठेवायचे आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडायचे. तेल नीट तापलेलं नसेल तर गोळा ते पिऊन घेतो. भाजी म्हणून खाताय ती खरं तर मैद्याची भजी आहेत. (१९७५ साली मुंबईत नेल्सन वांग यांनी पहिलं मंचुरियन केलं म्हणतात. तेव्हा चिनी लोकांना नावं ठेवू नका, हे आपलंच आहे.)

पनीर चिलीचंही तेच. पनीर चांगलं, १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पण घोळात बुडवून तळलं की त्या चांगुलपणाला मैद्याची गोधडी. "न तळता, तसंच परतून द्या" म्हणायचं. चिकन असेल तर उकडलेलं मागायचं, सूपसाठी बहुतेकांकडे असतंच.

सूपला उगाच घाबरतात. मंचाव घट्ट दिसतो, पण वाटीभर सूपमध्ये कॉर्नफ्लोअर चमचाभर, म्हणजे ३० कॅलरीच्या आसपास. त्याने काही होत नाही. वरून मूठभर तळलेल्या नूडल्स पडतात, त्या नको म्हणा. आणि सूप आधी प्या, जेवणासोबत नाही. गरम वाटी पोटात गेली की पुढचं खाणं आपोआप थोडं कमी होतं.

आता पळीकडे परत येतो, कारण राग तिथेच आहे. नुसतं "तेल कमी" म्हणून भागत नाही. गाडीवाला सुरुवातीला कमी टाकतो, भात कढईला चिकटतो, मग कडेने पुन्हा एक धार सोडतो. म्हणून नेमकं सांगावं लागतं: "एक चमचा तेल, चिकटलं तर पाण्याचा हबका मारा." कढई धूर निघेपर्यंत तापलेली हवी. त्यात तेल, लसूण दहा सेकंद, मग भाजी. चिकटायला लागलं की कडेने दोन चमचे पाणी. मीठ आणि सोया शेवटी, कारण मीठ आधी पडलं की कोबी पाणी सोडतो, भाजी शिजून लिबलिबीत होते आणि ‘टेस्ट नाही येणार’ हे खरं ठरतं. भात सकाळचा, गार आणि मोकळा असेल तर तेल कमीच लागतं. गरम ओला भात तेल मागतो. नूडल्सचं दुखणं वेगळं. त्या उकडल्यावर चिकटू नयेत म्हणून आधीच तेल चोळून ठेवतात, ते कमी करा म्हणून होत नाही. वजन उतरवायचं असेल तर नूडल्सपेक्षा भात बरा, तोही हाफ प्लेट, दोन अंडी फोडून आणि कोबी दुप्पट. फुल प्लेटमध्ये ३०० ते ३५० ग्रॅम भात सहज असतो. ट्रिपल शेजवान तर विचारूच नका, भातावर नूडल्स, नूडल्सवर तळलेल्या नूडल्स, त्यावर मंचुरियनची ग्रेव्ही. पाहुण्यांची पंगत आहे का?

शेजवान चटणी वरून घेऊ नका, वर तेल तरंगतं. चमचा खाली घालून घट्ट भाग घ्या, एकच चमचा. व्हिनेगरमधल्या मिरच्या कितीही खा.

एक गोष्ट कबूल करतो, मीठ भरपूर असतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सव्वादोन ग्रॅम मिठाएवढं सोडियम आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम मीठ. म्हणून दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला तर रडू नका, ते बरंचसं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. बीपी असेल तर मात्र सोया अर्धाच. अजिनोमोटोवर आरडाओरड करणाऱ्यांनो, त्यात मिठाच्या एक तृतीयांश सोडियम असतं आणि ते काही चरबी चढवत नाही. पळीकडे बघा.

लिहिता लिहिता गाडीवाल्यावरचा राग थोडा उतरला. तो तरी काय करेल? मे महिन्याची जळगावची रात्र, समोर भट्टी, अंगावर उष्ण वारा आणि आठनंतर दहा ऑर्डरी एकदम. पळी ही त्याची घाई आहे. तो हसला ते सवयीने. पण बाकावरचा तो? त्याला माफी नाही. आपल्या खान्देशात भरीत पार्टीला बसलेला माणूस वरचा तवंग बाजूला सारतो, तेव्हा आपण त्याला "घ्या हो, एका दिवसाने काय होतं" म्हणतो. आग्रह करतो. हसत नाही.

वहिनी, हे तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही माहीत नाही. पुढच्या वेळी साडेसातच्या आत जा. तेव्हा गर्दी नसते, कढई मोकळी असते, भाऊ ऐकतो. "हाफ प्लेट, दोन अंडी, कोबी डबल, एक चमचा तेल, पाण्याचा हबका." आणि पोराला मंचुरियन हवं असेल तर घ्या की. त्यातले दोन गोळे तुम्हीही खा.