ब्रेक ऑइल हे तेल नाहीये! जीपवाल्या त्या व्हायरल मेसेजला उत्तर

"जुनी जीप घरच्या घरी नवी करा, गॅरेजला एक रुपया देऊ नका" असा एक मेसेज गेल्या पंधरा-वीस दिवसांत मला चार ग्रुपवर आला. खाली दहा मुद्दे आणि शेवटी "30 वर्षं अनुभवी मेकॅनिकचा सल्ला". मेकॅनिक कोण, कुठल्या गावचा, काही पत्ता नाही. पहिल्या तीन वेळा मी सोडून दिलं. चौथ्या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या भाच्यानं त्यातला मुद्दा 4 वाचून खरंच तसं केलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

भाचा जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याकडून त्यानं 1991 ची महिंद्राची एमएम 540 जीप घेतली, पूजोच्या 2112 सीसी डिझेल इंजिनवाली. चेसिस बरी, पत्रा बऱ्यापैकी गेलेला, पण पोरगं मन लावून काम करतंय, रोज ऑफिसवरून आलं की रात्री अकरापर्यंत पाने घेऊन गाडीखाली. अशा पोराला चुकीची माहिती देणाऱ्याचा मला जास्त राग येतो.

मुद्दा 4 असा आहे: "ब्रेक ऑइल महाग पडतं. त्याऐवजी पॉवर स्टिअरिंगचं किंवा पातळ इंजिन ऑइल टाका, शेवटी सगळं हायड्रॉलिकच."

भाच्याकडं बुलेटच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं इंजिन ऑइल होतं, ते त्यानं रविवारी मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे ब्रेकचं पेडल दाबलं की दाब जिथं तयार होतो तिथं, ओतलं. पेडल मस्त लागलं, कंबर तलावापर्यंत दोन चकरा मारल्या, काहीच झालं नाही, आणि घोळ नेमका इथंच आहे, की पहिले काही दिवस काहीच होत नाही. सहाव्या दिवशी विजापूर रोडला गाडी ओढेना. त्याला वाटलं इंजिन दमलं, म्हणून अजून रेस दिली. मग जळका वास आला. उतरून बघतो तर पुढच्या चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेता येईना इतका तापलेला, पेडल दगडासारखं कडक, आणि चौघांनी ढकलूनही गाडी कडेला जाईना. रात्री साडेनऊला मला फोन, "मामा, गाडी रस्त्यातच बसली."

आता असं का झालं ते नीट समजून घ्या. आपण सगळे म्हणतो "ब्रेक ऑइल", दुकानदार तेच म्हणतो, मिस्त्री तेच म्हणतो. पण ते तेल नाहीच. डॉट 3, डॉट 4 म्हणून जे मिळतं ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि ब्रेकच्या सिलेंडरमधले रबरी कप त्याच्यासाठीच बनवलेले असतात. त्यांना इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, डिझेल असलं काहीही खनिज तेल लागलं की ते फुगतात. मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पाय काढला की द्रव त्याच्यातून वर डब्यात परत येतो. कप फुगला की ते भोक झाकलं जातं. मग पाय काढला तरी दाब सुटत नाही, ब्रेकचा लायनर ड्रमला घासतच राहतो, ड्रम तापतो, द्रव तापून अजून फुगतं, दाब अजून वाढतो. भाच्याची गाडी जाम झाली हे नशीब म्हणायचं, कारण हाच फुगलेला कप पुढं फाटतो आणि मग पेडल एकदम खाली जातं. ते तुळजापूरच्या घाटात झालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही चारही चाकं उघडली. व्हील सिलेंडरमधला कप बाहेर काढला तर कड मऊ पडून बाहेर वळलेली, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टम्म. नवीन किटमधला कप पेपरवर त्याच्याशेजारी ठेवला तर फरक नुसत्या डोळ्याला दिसत होता. जुना कप परत त्याच सिलेंडरमध्ये बोटानं घालून बघितला, जाईना. सहा दिवसांत.

ज्याला अजून पटत नाही त्यानं घरी करून बघावं. फेकून द्यायच्या दोन काचेच्या ग्लासात पाणी घ्या, एकात चमचाभर डॉट 3 टाका, दुसऱ्यात इंजिन ऑइल. डॉट 3 ढवळलं की पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल वर तरंगत राहतं. दोन्ही "हायड्रॉलिकच" असतील तर मग हे असं का? (ब्रेक ऑइल विषारी आहे, रंगावर सांडलं तर रंगही खातं, त्यामुळं ते ग्लास परत वापरात घेऊ नका.) सेकंडहँड गाडी घेताना हीच टेस्ट मास्टर सिलेंडरमधल्या थेंबावर करता येते, आधीच्या मालकानं काय ओतलंय ते कळतं.

या मुद्द्यात एक अर्धं खरं कुठनं आलं असावं ते मला कळतं. आपल्याकडं शेतीवाले "ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टर" म्हणतात, आणि त्याच्या ब्रेकच्या चकत्या खरोखरच तेलात बुडलेल्या असतात. पण ते तेल चकत्या थंड ठेवायला असतं, जीपचे ब्रेक ड्रमचे आणि कोरडे, दोन्हींचा काही संबंध नाही. आणि "महाग पडतं" म्हणाल तर अर्धा लिटरची बाटली दोन-तीनशेला येते. ती वाचवायला गेला आणि भाच्याला मास्टर सिलेंडरचं किट, चारही चाकांची किटं, सगळे रबरी पाइप बदलावे लागले, लोखंडी पाइप धुवून काढावे लागले. एकही रबर जुनं ठेवलं तर तेच परत होणार, कारण तेल रबरात मुरलेलं असतं. जाता जाता, डॉट 3 हवेतलं पाणी ओढतं. नवीन असताना ते किमान 205 डिग्रीला उकळतं, पाणी धरल्यावर 140 पर्यंत खाली येऊ शकतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी उभी असली तरी.

मुद्दा 2, "जॅकस्टँड कशाला, विटा नाहीतर सिमेंटचे ब्लॉक लावा". अजिबात नाही. वीट भिंतीत वजन घेते कारण तिथं ते सगळीकडं सारखं बसतं, चेसिसची कड एका रेघेवर आली की वीट आधी काही न सांगता फुटते. आणि खाली तुमची छाती असते. लोखंडी घोड्या घ्या, नसतील तर ज्याच्याकडं असतील त्याच्याकडून मागून आणा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊच नका.

मुद्दा 7 वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. "टाकी गळत असेल तर रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवा आणि बिनधास्त वेल्डिंग मारा." अहो, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. जळतं ते द्रव नाही, वाफ जळते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीवर भडका, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेवढंच मिश्रण तयार होतं. गंजाच्या पापुद्र्यात, सांध्यात तेल शिल्लक राहतंच. डिझेलची टाकी म्हणून निवांत राहू नका, वेल्डिंगच्या उष्णतेनं आतल्या डिझेलचीही वाफ होते. जुन्या पेट्रोल जीपला तर टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, तिथं घरच्या वेल्डिंगचा सांधा ठेवून त्यावर बसणार का? टाकी नवीन घ्या, विषय संपला.

बाकीचे मुद्दे पटकन घेतो. जीपचं काम घरी होतं हा मुद्दा 1, आणि तो खरा आहे, मान्य करावं लागतंय. वेगळी चेसिस, पाट्यांचं सस्पेन्शन, बोल्ट खोलले की बॉडी बाजूला. मी स्वतः घरामागच्या शेडमध्ये दोन जीपा अशाच उघडून जोडल्यात. गंजावर थेट रेड ऑक्साइड मारा म्हणतात, ते पहिल्याच पावसाळ्यात फुगून वर येतं, आधी पत्रा घासून उघडा करा. फोर बाय फोर कायम लावून ठेवा म्हणतात, तर या जीपला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नसतो, डांबरी रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि टायर, शाफ्टचे क्रॉस, गिअर सगळं झिजतं.

"सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅट काढून टाका" हा मुद्दा आपल्या गावासाठी खास बनवल्यासारखा वाटतो, म्हणून लोक लगेच ऐकतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, ती 80-82 डिग्रीच्या आसपास उघडते, त्यानंतर मे महिन्यातही ती तुमच्या वाटेत येत नाही. अडकून बसली असेल तर नवीन घाला. आपल्याकडं गाडी तापते ती बहुतेक रेडिएटरमुळं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरायचं, आत पांढरा क्षार धरतो, अर्ध्या नळ्या बंद. ज्या घरात बादलीच्या कडेला पांढरं वळ धरतं तिथलं पाणी रेडिएटरमध्ये घालायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी अर्धा त्रास जाईल.

मोठ्या टायरबद्दल "31 इंची घाला, बाकी काही बदलायचं नाही". मूळ 6.00-16 टायर साधारण 28 इंच उंच. 31 घातलं की काटा 60 दाखवताना गाडी 66 नं पळते, आणि ब्रेक मात्र तेच जुने. आधी ब्रेक सुधारा, मग टायरचं बघा.

आता मुद्दा 9 आणि 10, कायद्याचे. "20 वर्षांवरची गाडी व्हिंटेज असते, पासिंग नको, इंजिन-बॉडी काहीही बदला." एका वाक्यात इतकी चुकीची माहिती मी क्वचित बघितलीय. व्हिंटेजचे केंद्राचे नियम जुलै 2021 मध्ये आले, त्यात अट 50 वर्षांची आहे, आणि गाडी मूळ रूपात लागते. बाकी गाड्यांना 15 वर्षांनी फिटनेस करून आरसी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, वर आपल्याकडं पर्यावरण कर.

बदलाबद्दल मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सरळ सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. यावर केरळचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, 9 जानेवारी 2019 ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं हेच ठरवलं आणि हायकोर्टाचा ढिला अर्थ रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-ए आलं, प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. समोरचा बुल बार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) यातच येतो, डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार.

आणि "शेवटी मिलिटरी हिरवा रंग मारा, गाडी खुलते" हे तर मेसेजचं शेवटचं वाक्य. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. भाच्यानं त्या रंगाचे चार लिटर आधीच मिक्स करून आणले होते. परवा डबा घेऊन दुकानात गेला, मिक्स केलेला रंग परत घेत नाही म्हणाले. आरसीवर पांढरा लिहिलाय, आता पांढराच मारणार, पण ते ब्रेकची सगळी किटं बसवून, हवा काढून, मी स्वतः पेडल दाबून बघितल्यावर.