ज्यांची जमीन, त्यांचा नकार

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये ऑफिसची मोठी मीटिंग सुरू होण्याआधी कुणीतरी उभं राहून सांगतं, की आपण इथल्या मूळनिवासी व्हाजक नूंगार लोकांच्या जमिनीवर जमलो आहोत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. आपली बरीच मंडळी याला नुसता उपचार म्हणतात. मला नाही पटत. १९६७ च्या सार्वमतापर्यंत या देशाची अधिकृत लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, माणसं धरलीच जात नव्हती. तिथे हे चारचौघांत बोललं जातंय, ते बोललं जायलाच हवं.

पण कंपनीची खरी परीक्षा मीटिंग संपल्यावर असते. पिलबरा या खाणींच्या भागातल्या जूकन गॉर्ज या घळीचंच घ्या. तिथल्या गुहांमध्ये माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा होत्या. केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा एक तुकडा सापडला होता, सुमारे ४ हजार वर्षं जुना. डीएनए तपासल्यावर त्याचं नातं आजच्या पुटू कुंती कुरामा आणि पिनिकुरा लोकांशी, म्हणजे त्या जमिनीच्या मूळ मालकांशी, जुळलं. आपल्याच पणज्या-खापरपणज्यांचे केस! २४ मे २०२० ला रिओ टिंटो या खाणकंपनीनं लोहखनिजासाठी तिथे सुरुंग उडवून त्या गुहा उद्ध्वस्त केल्या. तीन दिवसांनी राष्ट्रीय रिकन्सिलिएशन (मूळनिवासींशी सलोख्याचा) सप्ताह सुरू झाला.

या कंपनीकडे रिकन्सिलिएशनसाठी आपण काय करू, याचा मान्यताप्राप्त आराखडा होता, तोही सर्वांत वरच्या श्रेणीचा. तिच्याकडे २०१३ ची सरकारी परवानगीही होती, आणि त्या परवानगीविरुद्ध अपील करायचा हक्क मूळ मालकांना कायद्यानं दिलेलाच नव्हता. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की गुहा वाचवून खाण काढायचे पर्याय कंपनीपुढे होते आणि ते या लोकांना कधी सांगितलेच नाहीत.

त्याच २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना विचारायला लावलं होतं. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा डोंगर त्या नकारामुळे राहिला.

जूकननंतर रिओ टिंटोच्या मुख्याधिकाऱ्याला पद सोडावं लागलं, आराखड्याची मान्यता गेली. २०२५ मध्ये सह-व्यवस्थापनाचा करार झाला: खाणीचं नियोजन सुरुवातीपासून मूळ मालकांना सोबत घेऊन. हे आधी का नाही झालं?

इथे खाणकंपन्यांमध्ये, त्यांची कामं करणाऱ्या आयटी कंपन्यांमध्ये आपण मराठी माणसं भरपूर आहोत. काहीजण रिकन्सिलिएशन कमिटीवरही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या बैठकीत विचारा, मूळ मालक ‘नाही’ म्हणाले तर आपण काम थांबवतो का, आणि ते करारात कुठे लिहिलंय? कुणाच्या करारात असं कलम असेल तर मला जरूर कळवा. आमच्या कमिटीपुढे मांडायचं आहे.