बेंडचे पॅकिंग बदला, पेस्ट फासू नका

मोटारसायकलचा सायलेन्सर इंजिनला जिथे जोडलेला असतो तिथून धूर गळू लागला, तर त्यावर एकच खरा उपाय आहे. बेंड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारी वाकडी नळी, उतरवायचा, इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) तोंडात चिकटून बसलेले जुने पॅकिंग खरवडून काढायचे, बैठक स्वच्छ करायची, नवे पॅकिंग बसवायचे आणि फ्लँजचे, म्हणजे बेंड हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीचे, दोन्ही नट सारख्या ताणाने आवळायचे. सरावलेल्या हाताला अर्धा तास पुरतो. एवढे साधे काम बेळगाव शहरात आणि खानापूरच्या रस्त्यावर मी ज्या ज्या गॅरेजात गाडी उभी केली, तिथे एकानेही पहिल्या फेरीत सरळ करून दिले नाही, याचा मला मनस्वी संताप आलेला आहे आणि तो गिळून गप्प बसण्याची माझी तयारी नाही.

संतापाची सुरुवात निदानापासूनच होते. गळक्या बेंडचा आवाज थंड इंजिनावर सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर टक्-टक् असा कोरडा आवाज येतो. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, फट थोडीफार मिटते आणि आवाज दबतो. म्हणजे गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेली की रोगाचे लक्षण निम्मे नाहीसे झालेले असते. हे ज्याला ठाऊक आहे तो मिस्त्री म्हणेल, "गाडी आज इथंच ठेवा, उद्या थंड असताना बघतो." प्रत्यक्षात मात्र कान टवकारून दोन सेकंद ऐकल्यासारखे केले जाते आणि निकाल दिला जातो: "टॅपेट हाय ओ काका, सेट करून देतो." टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचे स्क्रू, उघडले जातात, फट मोजायचे फीलर गेज दिसतही नाही, अंदाजाने स्क्रू फिरवला जातो, पैसे घेतले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज तितक्याच जोराने हजर असतो. वास्तविक तपासणीला कसलेही यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचे पाणी शिंपडून गाडी सुरू करावी आणि मागे सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर जाड ओला कपडा धरावा, की जिथे गळती आहे तिथे बुडबुडे फुटतात. हेडच्या तोंडाभोवती ॲल्युमिनियमच्या पंखांवर काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो, तो तर पाणी न शिंपडताही दिसतो. मी तो पट्टा बोटाने दाखवला, तरी उत्तर मिळाले की तो जुना डाग आहे.

निदान मान्य झाले की मग पेस्ट येते. या पेस्टवर माझा सर्वांत जास्त राग आहे. लाल सिलिकॉनची नळी पिळायची, जोडाभोवती बाहेरून जाडसर लेप द्यायचा, बोटाने गुळगुळीत करायचा आणि "तासभर गाडी चालू करू नका" असे बजावून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. जिथे सिलिकॉन नसते तिथे इपॉक्सीची पुट्टी मळून थापतात. हेडमधून बाहेर पडणारा वायू चढावर, भरलेल्या गाडीत, पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. बाजारातल्या चांगल्या लाल सिलिकॉनची मर्यादा तीनशे अंशांच्या आसपास संपते आणि साधी इपॉक्सी पुट्टी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून जळते. शिवाय लेप बाहेरून दिलेला असतो आणि दाब आतून येतो, म्हणजे प्रत्येक ठोका त्या लेपाला बाहेर ढकलत राहतो. अशी पेस्ट टिकणार नाही हे तिची नळी हातात धरणाऱ्यालाही माहीत असते. काही दिवसांत ती जळून तिचे पोपडे पडतात, आणि मग पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते जळके अवशेष बैठकीवरून खरवडण्याचे जादा काम मागे उरते, ज्याची मजुरी पुन्हा गिऱ्हाइकानेच द्यायची असते.

ज्या वस्तूला टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो, ती वस्तू म्हणजे पॅकिंगची एक कडी आहे. काही गाड्यांत ती तांब्याची असते, काहींत पातळ पत्र्याच्या कवचात ग्रॅफाइटसारखे उष्णता सोसणारे भरण असते. फ्लँज आवळला की ती कडी चेपते आणि हेड व बेंड यांच्यामधली प्रत्येक खाचखळगी भरून काढते. तिचे काम चेपण्याचे आहे आणि ते ती एकदाच नीट करते. एकदा चेपलेली कडी पुन्हा बसवली तर ती पूर्वीच्या खाचांच्या आकारात घट्ट झालेली असते आणि नव्या जागी बसत नाही. म्हणून बेंड उतरवला की कडी बदलायची, असा कारखान्याच्या पुस्तकातला सरळ नियम असतो. इतक्या स्वस्त भागासाठी गिऱ्हाईक नाही म्हणणार आहे का? मी तर नव्या कडीचे पैसे आगाऊ हातात ठेवायला तयार होतो. तरीही जुनीच कडी पॉलिश पेपरवर घासून परत बसवली गेली आणि वर सांगण्यात आले, "चालतंय की ओ, कंपनीचा माल हाय, नव्यापेक्षा हेच भारी."

नटांचे प्रकरण याहून वाईट आहे. बेंड बसवताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी फ्लँजचे दोन्ही नट हाताने लागतील तेवढेच लावायचे, मागचा सायलेन्सरचा बोल्ट सैल ठेवायचा, मग फ्लँजचे नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे आणि सायलेन्सर आपल्या जागेवर सरळ बसला की शेवटी मागचा बोल्ट घट्ट करायचा. इंजिन एकदा तापून थंड झाले की फ्लँजचे नट पुन्हा तपासायचे, कारण कडी तोवर आणखी थोडी चेपलेली असते. आमच्याकडे नेमके उलटे होते. वजनदार सायलेन्सर हातात धरून बसायला नको म्हणून आधी मागचा बोल्ट कचकचीत आवळतात. त्यामुळे बेंड हेडच्या तोंडाशी तिरका ओढला जातो. मग तो तिरकेपणा नटांच्या जोरावर सरळ करायला निघतात, एका बाजूचा नट पूर्ण आवळून झाल्यावर दुसऱ्या बाजूला वळतात आणि एका बाजूने चेपलेली, दुसऱ्या बाजूने उघडी अशी कडी तयार होते. गळती गेली नाही असे दिसले की उपाय एकच सुचतो, पान्याला पाइप लावून आणखी जोर.

लहान मोटारसायकलींच्या फ्लँजचे स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले आणि नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे, बहुधा 6 मिलिमीटर जाडीचे असतात. त्यांना सुमारे 10 ते 12 न्यूटन-मीटरचा ताण पुरतो, म्हणजे आखूड पान्यावर मनगटाचा जोर. वर्षानुवर्षे उष्णता आणि पावसाचे पाणी खाऊन गंजलेल्या अशा स्टडवर पाइप लावलेला पाना चढवला तर काय होणार हे सांगायला अभियंता लागत नाही. माझ्या गाडीचा स्टड हेडच्या पातळीशी मोडला. मी समोर उभा होतो. गंज आहे, आधी तेल सोडा, थोडा वेळ जाऊ द्या, हेड जरा गरम करा, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम हेडची स्टडवरची पकड ढिली होते आणि जाम झालेला स्टड फिरू लागतो. ही काही पुस्तकी विद्या नाही, जुने मिस्त्री रॉकेलचा दिवा घेऊन हेच करत असत. "त्याला काय होत नाही," असे म्हणत पाना फिरवला गेला, कट् असा आवाज झाला आणि पुढचे वाक्य होते, "स्टड कुजलेलाच होता ओ."

आमच्या भागात हा स्टड लवकर का कुजतो, हेही कोणी लक्षात घेत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे जो पाऊस पडतो त्याची कल्पना तिथे राहणाऱ्यालाच येते, आणि बेळगाव शहरही पावसाळ्यात आठवडे-आठवडे ओलेच असते. पुढच्या चाकावरून उडणारा लाल चिखल थेट बेंडच्या जोडावर बसतो, तापलेल्या पोलादावर थंड पाणी आदळते, रात्री तो ओला चिखल तिथेच मुरतो. खड्डा चुकवता चुकवता दुसऱ्या खड्ड्यात गाडी आदळली की लांब सायलेन्सरचा हिसका याच दोन स्टडांना सोसावा लागतो. अशा ठिकाणी नव्या स्टडच्या आट्यांना चिमूटभर तांब्याचे ग्रीस लावले तर पुढच्या वेळी तो सुखाने निघतो. आजवर कोणत्याही गॅरेजात ते लावताना मी पाहिलेले नाही. गाडी बनवणाऱ्यांनाही मी यातून सोडत नाही. जी जागा सर्वांत जास्त तापते आणि सर्वांत जास्त भिजते, तिथे साध्या पोलादाचे स्टड आणि साधे नट देऊन त्यांनी नेमके किती पैसे वाचवले?

सुट्या भागांच्या दुकानात वेगळाच अनुभव येतो. कडी मागितली तर "सुटी येत नाही, बेंडसकट सायलेन्सर घ्या" असे तोंडावर सांगितले जाते. एका लहानशा कडीसाठी हजारो रुपयांचा पूर्ण सायलेन्सर! मी भागांच्या यादीत त्या कडीचा स्वतंत्र क्रमांक दाखवला तेव्हा "मागवावी लागेल" असे उत्तर आले, आणि मागवली का हे विचारायला गेलो की दर वेळी काउंटरवर नवा माणूस. शेवटी जी मिळाली ती दुसऱ्याच गाडीची, व्यासाने किंचित लहान. "ठोकली की बसते," हा त्यावरचा सल्ला.

आणि हे सगळे ऐकून घेताना वर सांगायचे की थोडासा धूरच तर येतो, त्यात एवढे काय. त्यात काय आहे ते मी सांगतो. हा जोड चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या पुढे असतो. टिळकवाडीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडले आणि चारी बाजूंनी गाड्या खेटून उभ्या राहिल्या की हा धूर मागच्या नळीतून निघून जाण्याऐवजी थेट अंगावर येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही आणि वास नाही, आणि जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मोकळ्या रस्त्यावर तो विरून जातो हे खरे, पण बंद पडवीत गाडी सुरू करून गरम करणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल बंद केला की हाच जोड बाहेरची हवा आत ओढतो, ती हवा गरम नळीत न जळलेल्या पेट्रोलला मिळते आणि फट्फट् बार उडू लागतात. 1 एप्रिल 2020 पासूनच्या, बीएस-6 या प्रदूषणाच्या मानकाच्या बहुतेक गाड्यांत तर नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आधीच्या जोडातून हवा शिरली की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इंजिनात पेट्रोल कमी पडते आहे असा संगणकाचा समज होतो, तो पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडते. मग गिऱ्हाईक मायलेजची तक्रार घेऊन येतो आणि त्याला इंजेक्टर साफ करण्याचा खर्च सांगितला जातो. एमिशन टेस्टची नळी सायलेन्सरच्या शेवटी घालतात, त्यामुळे गळक्या गाडीचा धूर तिथे हवा मिसळून पातळ झालेला असतो आणि तिथला आकडाही खोटा येतो.

या सर्वांहून जास्त मला एक गोष्ट झोंबते. हे बेळगाव आहे. उद्यमबागेत आणि मच्छेच्या वसाहतीत फौंड्री आणि लेथ यांची परंपरा आहे. क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिकच्या भागांपर्यंत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचे काम इथले टर्नर रोज हाताखालून काढतात. याच गावात 6 मिलिमीटरचा मोडका स्टड मध्यावर पंच मारून, सरळ ड्रिल करून काढणे अवघड असावे हे मी मान्य करणार नाही. गॅरेजवाल्याने मात्र हातातल्या ड्रिलने प्रयत्न केला, ड्रिल पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसले आणि भोक तिरके झाले. ज्या कामाला अर्धा तास लागायचा, त्यासाठी आता हेड उतरवावे लागले, हेडचे गॅस्केट नवे घ्यावे लागले. शेवटी उद्यमबागेतल्या एका वयस्कर टर्नरने ते हेड मशीनवर पक्के बांधले, भोक सरळ केले, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवले, नवा स्टड घातला, आणि मी न सांगता दुसऱ्या बाजूचा जुना स्टडही काढून दिला, "हा पण आता मोडणार" म्हणून. त्यांनी मागितलेली मजुरी मी त्याच क्षणी आनंदाने दिली.

गॅरेजच्या बिलात मात्र हेड उतरवणे-चढवणे, गॅस्केट, ऑइल आणि वर "स्टड मोडका असल्यामुळे जादा काम" अशी ओळ माझ्या नावावर लिहिलेली होती. स्टड कोणाच्या पान्याने मोडला आणि भोक कोणाच्या ड्रिलने वाकडे झाले, हे विचारल्यावर सगळे दुसऱ्या गाडीकडे वळले. ती ओळ खोडल्याशिवाय मी पैसे देणार नाही असे सांगितले आहे, आणि गाडी तिथून आणताना नव्या कडीची पिशवी आणि जुनी चेपलेली कडी, दोन्ही मागून घेतल्या आहेत.